आधी सॉफ्टवेअर तपासा, मग प्रतिमा मोजा

प्रति,
मा. कुलगुरू,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ,
जळगाव.

विषय : वैज्ञानिक प्रतिमा-विश्लेषणाची सॉफ्टवेअर बसवणे, तपासणे आणि त्यांतल्या अडचणी सोडवणे ही जबाबदारी विद्यापीठाने घेण्याबाबत.

महोदय,


जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले विज्ञानशिक्षण १९९० पासून आपल्या विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा प्रयोगशाळेतला आकडा बहुतेक वेळा तराजू, ब्युरेट किंवा कलरीमीटरवरून वाचला जाई. आता पुष्कळ आकडे फोटोतून येतात. केळीच्या पानाचा किती भाग करप्याने व्यापला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसणारे चांदीचे नॅनोकण किती मोठे आहेत, रक्ताच्या काचपट्टीवर किती पेशी आहेत, पेट्री डिशमधली बुरशी किती पसरली, या प्रश्नांची उत्तरे आज कॅमेरा आणि संगणक मिळून देतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पात आणि पीएच.डी.च्या प्रबंधात ते आकडे तक्त्यांत बसतात, त्यांच्यावर आलेख उभे राहतात आणि निष्कर्ष निघतात. माझी विनंती या आकड्यांच्या मुळाशी असलेल्या एका कामाबद्दल आहे. प्रतिमा मोजणारे सॉफ्टवेअर संगणकावर नीट बसवणे, त्याची सेटिंग तपासणे आणि अडल्यानडल्याला मदत करणे हा प्रयोगाचाच भाग मानावा आणि त्याची रीतसर व्यवस्था विद्यापीठाने लावावी. आपल्याकडच्या विज्ञानशिक्षणात हे काम सहसा विद्यार्थ्यावर सोडलेले असते. सॉफ्टवेअर चालले तर त्याचे नशीब, नाही चालले तर त्याची डोकेदुखी. हा दृष्टिकोन बदलायला हवा आणि त्याची कारणे मला पुराव्यानिशी मांडायची आहेत.

आधी हे साधन किती मोलाचे आहे ते पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, वेन रॅसबँड यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ‘एनआयएच इमेज’ हा प्रोग्राम लिहिला. १९९७ मध्ये त्याचा जावा भाषेतला अवतार ‘इमेजजे’ आला आणि तो कोणत्याही संगणकावर चालू लागला. तो सर्वांसाठी खुला आहे, त्याला परवाना शुल्क नाही. पुढे त्याच्यावर शेकडो प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, रचून ‘फिजी’ नावाचा संच तयार झाला. २०१२ मध्ये ‘नेचर मेथड्स’ या नियतकालिकात त्यावर आलेला लेख जीवशास्त्रातल्या अतिशय गाजलेल्या लेखांपैकी आहे. पेशी मोजण्यासाठी २००६ मध्ये ‘सेलप्रोफाइलर’ आले, तेही मोफत. याचा अर्थ असा की शिरपूरच्या, चोपड्याच्या किंवा साक्रीच्या महाविद्यालयातल्या मुलीच्या हाती तेच साधन येऊ शकते, जे हार्वर्डच्या प्रयोगशाळेत वापरतात. सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत ही बरोबरी आपल्याला परवडणारी नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ती फुकटात मिळते आहे. मात्र साधन फुकट मिळाले तरी ते चालते करण्याचे श्रम फुकट नसतात. हार्वर्डमध्ये ते श्रम करायला पगारी माणूस असतो. आपल्याकडे तो कोण, हाच या पत्राचा प्रश्न आहे.

सॉफ्टवेअरमधले बिघाड दोन जातींचे असतात. काही बोलके असतात, काही मुके. बोलका बिघाड पडद्यावर एरर दाखवतो आणि काम थांबवतो. उदाहरण घेऊ. विभागातल्या संगणकावर कुणीतरी पूर्वी कधी बसवलेले जुने इमेजजे असते. विद्यार्थिनी त्यात एक नवे प्लगइन टाकते आणि पडद्यावर ‘अनसपोर्टेड मेजर मायनर व्हर्जन ५२.०’ अशी ओळ येते. तिच्या दृष्टीने ती अगम्य भाषा. जाणकाराला मात्र त्या ५२ या आकड्यात पूर्ण निदान मिळते : प्लगइन जावा ८ साठी तयार केलेले आहे आणि संगणकावरचे जावा त्याहून जुने आहे. जुना संच काढून जावासकट येणारा नवा फिजी संच टाकला की प्रश्न मिटतो. दुसऱ्या ठिकाणी फिजी ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये ठेवलेले असते. विंडोज त्या फोल्डरमध्ये सहजासहजी काही लिहू देत नाही, त्यामुळे अपडेट अर्धवट राहते आणि मग भलतीच प्लगइन रुसतात. फिजी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हलवले की झाले. तिसऱ्या ठिकाणी एकाच प्लगइनच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी पडलेल्या असतात आणि त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. चौथ्या ठिकाणी संगणकाची विंडोज ३२ बिटांची असते. तिथे यंत्रात कितीही मेमरी बसवली तरी प्रोग्रामला दीड-पावणेदोन जीबीच्या पुढे काही मिळत नाही आणि मोठे चित्र उघडताच ‘आउट ऑफ मेमरी’ येते. पाचव्या ठिकाणी महाविद्यालयाचे नेटवर्क प्रॉक्सीमधून जाते. ती माहिती फिजीच्या सेटिंगमध्ये भरलेली नसते, म्हणून अपडेटच होत नाही.

आपल्या भागाला खास लागू पडणारी एक अडचण वेगळी सांगतो. पायथन भाषेत चित्र उघडण्यासाठी ‘ओपनसीव्ही’ ही लायब्ररी सर्रास वापरतात. विंडोजवर तिची चित्र उघडणारी नेहमीची आज्ञा इंग्रजीव्यतिरिक्त लिपीतल्या फाइलनावांशी अडखळते. विद्यार्थ्याने फोल्डरला ‘केळी’ आणि फोटोला ‘करपा १’ असे मराठीत नाव दिले की चित्र उघडत नाही, प्रोग्राम मात्र तिथे थांबत नाही. तो पुढे जातो आणि नंतरच्या भलत्याच ओळीवर कोसळतो. विद्यार्थी ती पुढची ओळ दुरुस्त करत बसतो. दोष त्याच्या प्रोग्राममध्ये नसतो, दोष फाइलच्या नावाशी अडलेला असतो आणि तिकडे त्याचे लक्षही जात नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेत या अडचणीला ठळक जागा मिळण्याचे कारण नाही, कारण तिथल्या विद्यार्थ्याला ती क्वचितच भेटते. आपल्या विद्यार्थ्याला ती पहिल्या दिवशी भेटू शकते.

यातला प्रत्येक प्रश्न माहीतगाराला दहा-पंधरा मिनिटांचा आहे. ज्याला माहीत नाही त्याचा त्यात आठवडा जाऊ शकतो. पण वेळ वाया जाणे हे यातले छोटे नुकसान. मोठे नुकसान पुढे होते, कारण अडलेला विद्यार्थी हातावर हात ठेवून बसत नाही, तो आडवाट शोधतो. कुणी मित्राच्या पेन ड्राइव्हमधली, कुठून आली ते ठाऊक नसलेली आवृत्ती टाकतो. कुणी महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत उतरवतो आणि तिच्यासोबत व्हायरसही घरात आणतो. कुणी स्वयंचलित मोजणी सोडून देतो आणि चित्रातले स्पष्ट दिसणारे वीस-पंचवीस कण हाताने मोजून सरासरी काढतो. स्पष्ट दिसणारे कण बहुधा मोठे असतात, म्हणून ती सरासरीही एका बाजूला झुकते. म्हणजे इन्स्टॉलेशनची अडचण तिथेच संपत नाही, ती आकड्यात उतरते. प्रबंध तपासणाऱ्याला मात्र तिचा मागमूस लागत नाही.

आता मुके बिघाड. हे अधिक घातक, कारण सगळे सुरळीत चालल्याचा भास होतो. इमेजजेमध्ये ‘सेट स्केल’ नावाची सोय आहे. चित्रातल्या मोजपट्टीवर रेघ ओढून ती किती नॅनोमीटर आहे ते सांगितले की पुढची सर्व मापे त्या हिशेबाने मिळतात. त्याच खिडकीत ‘ग्लोबल’ असा एक चौकोन आहे. त्यावर खूण केली की तेच प्रमाण पुढच्या सर्व चित्रांना लागते. समजा, पहिल्या चित्रात ५०० नॅनोमीटरची मोजपट्टी २५० पिक्सेलची आहे, म्हणजे एक पिक्सेल बरोबर २ नॅनोमीटर. दुसरे चित्र तेवढ्याच वर्धनाचे आहे, पण ते अहवालातून कापून घेताना निम्म्या आकाराचे झाले. त्यात एक पिक्सेल ४ नॅनोमीटरचा आहे. तिथला ४० नॅनोमीटरचा कण १० पिक्सेल व्यापतो आणि ‘ग्लोबल’ची खूण राहून गेली असेल तर इमेजजे त्याचे माप २० नॅनोमीटर सांगते. व्यास निम्मा, क्षेत्रफळ पाव. चित्रासोबत त्याचे स्वतःचे प्रमाण साठवलेले नसेल तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, आकडा दशांशासह नेटका छापते. नॅनोकणांवरच्या संशोधनात २० आणि ४० नॅनोमीटर यांतला फरक हाच अनेकदा निष्कर्षाचा कणा असतो.

केळीच्या पानाचे उदाहरण तर अधिकच ठळक आहे. करप्याची तीव्रता ठरवताना स्टोव्हर यांनी मांडलेली आणि गाउल यांनी सुधारलेली ० ते ६ अशी श्रेणी वापरतात. पानाचा १६ ते ३३ टक्के भाग रोगग्रस्त असेल तर श्रेणी ४, निम्म्याहून जास्त असेल तर ६. फोटोतून हा टक्का काढताना आधी चित्र काळे-पांढरे करावे लागते : रोगाचा भाग एका रंगात, निरोगी भाग दुसऱ्यात. कोणता रंग वस्तूचा आणि कोणता पार्श्वभूमीचा, हे इमेजजेमध्ये ‘ब्लॅक बॅकग्राउंड’ या एका खुणेवर अवलंबून असते आणि ती खूण संगणकागणिक वेगळी असू शकते. एका संगणकावर १८ टक्के रोग दाखवणारे पान दुसऱ्या संगणकावर ८२ टक्के दाखवू शकते. तेच पान, तोच फोटो, त्याच पायऱ्या, पण श्रेणी ४ ची ६ होते. एवढी मोठी उलटापालट निदान डोळ्यांना खटकते. पण रोग निम्म्याच्या आसपास असेल, ४६ चे ५४ झाले असेल, तर कुणालाही संशय येणार नाही. त्यात फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवलेला असेल तर तो दाबून लहान केलेला असतो, कडा फिसकटलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाच्या मूळ फाइलमध्ये प्रमाणाची जी माहिती साठवलेली असते, तीही वाटेत गळून पडते. रावेर, यावल पट्ट्यातल्या ज्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या रोगाचा आकडा एका खुणेच्या भरवशावर सोडणे आपल्याला शोभत नाही.

हे प्रकार फक्त नवख्यांच्या हातून घडतात असे कुणाला वाटेल, पण तसे नाही. २०१२ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. मेंदूच्या एमआरआय प्रतिमा मोजणाऱ्या ‘फ्रीसर्फर’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर आणि वेगवेगळ्या संगणकांवर त्यांनी त्याच प्रतिमा चालवून पाहिल्या. आवृत्ती बदलताच मेंदूच्या भागांचे आकारमान सरासरी ८.८ टक्क्यांनी बदलले, काही भागांत हा फरक ६४ टक्क्यांपर्यंत गेला. संगणकाचा प्रकार किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलल्यावरही फरक पडला, साधारण याच्या निम्मा. माणसे तज्ज्ञ होती, प्रतिमा त्याच होत्या, बदलली होती फक्त बसवणूक. यंत्रशिक्षणावर चालणाऱ्या नव्या साधनांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ‘टेन्सरफ्लो’ने २.१० या आवृत्तीनंतर विंडोजवर थेट ग्राफिक्स कार्ड वापरण्याची सोय बंद केली. महाविद्यालयाने मुद्दाम निधी काढून कार्ड घेतले तरी नवी आवृत्ती टाकल्यावर ते कार्ड स्वस्थ बसून राहते आणि सगळा भार साध्या प्रोसेसरवर पडतो. जून २०२४ मध्ये पायथनमधल्या आकडेमोडीच्या ‘नमपाय’ या लायब्ररीची २.० ही आवृत्ती आली आणि जुन्या आवृत्तीवर बांधलेली कितीतरी साधने एकाएकी चालेनाशी झाली. या सगळ्यातून एकच गोष्ट सिद्ध होते. सॉफ्टवेअरची आवृत्ती, त्याचे सेटिंग आणि ते ज्या संगणकावर बसले तो संगणक हे मोजमापाच्या उपकरणाचेच भाग आहेत.

उपकरणाला आपण कसे वागवतो? पीएच मीटर वापरण्याआधी ४, ७ आणि ९.२ च्या बफर द्रावणात बुडवून तपासायचा, हे आपण बी.एस्सी.च्या मुलांनाही शिकवतो. बाजार समितीतला वजनकाटासुद्धा वैधमापन खात्याच्या शिक्क्याशिवाय चालत नाही, मग त्यावर कापूस तोलला जावो की कडधान्य. प्रतिमा मोजणारे सॉफ्टवेअर हे आपल्या प्रयोगशाळेतले बहुधा एकमेव मोजमापाचे साधन असेल, जे कुणीही, कुठूनही आणून, न तपासता वापरले तर चालते आणि प्रबंधात फक्त ‘इमेजजे वापरून मोजले’ एवढे लिहून भागते.

म्हणून चार गोष्टी विद्यापीठाने कराव्यात, अशी माझी मागणी आहे. पहिली, तपासलेला संच. फिजी, सेलप्रोफाइलर आणि लागणारी पायथन साधने यांच्या ठरावीक आवृत्त्या एकत्र बांधून, आपल्या महाविद्यालयांत प्रत्यक्षात असतात तशा संगणकांवर, म्हणजे चार जीबी मेमरीच्या, नेट रखडणाऱ्या यंत्रावरही चालवून पाहून, पेन ड्राइव्हवरून टाकता येईल असा एक संच दर शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला द्यावा. सोबत मराठीत वीस-पंचवीस पानांची मार्गदर्शिका असावी. तिच्यात एररच्या ओळी जशाच्या तशा छापून त्यांचे कारण आणि उपाय सांगितलेला असावा. दुसरी, माणूस. या कामासाठी एक पूर्णवेळ तंत्रज्ञ असावा, जो फोनवर आणि दूरस्थ पद्धतीने मदत करील आणि ठरलेल्या दिवशी धुळे, नंदुरबार, अमळनेर, शिरपूर इथे जाऊन बसेल. त्याला संगणकही कळला पाहिजे आणि सूक्ष्मदर्शकही. तिसरी, तपासणी-चित्रे. ज्यांचे उत्तर आधीच माहीत आहे अशी चित्रे संचात असावीत आणि प्रत्येकाने मोजणीला हात घालण्याआधी ती आपल्या संगणकावर चालवून उत्तर जुळते का ते पाहावे. इमेजजेसोबत येणारे ‘ब्लॉब्ज’ हे नमुना चित्र या कामी फार उपयोगी आहे. त्याची रंगसारणी उलटी असल्यामुळे काळ्या-पांढऱ्याच्या सेटिंगचा घोटाळा तिथे लगेच उघडा पडतो. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटने तर पेशींची संख्या आधीच ठाऊक असलेल्या चित्रांचे संग्रह सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. चौथी, नोंद. प्रबंधाच्या कार्यपद्धतीच्या प्रकरणात सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, प्रमाण आणि थ्रेशोल्डची, म्हणजे चित्र काळे-पांढरे करताना सीमा ठरवण्याची, पद्धत लिहिणे बंधनकारक करावे. इमेजजेमधला ‘रेकॉर्डर’ सुरू केला की तो प्रत्येक पायरी मजकुराच्या रूपात आपोआप लिहून ठेवतो. तो मजकूर परिशिष्ट म्हणून जोडायला एक पान पुरते. प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंध-संग्रहावर जातात, देशभर वाचले जातात. त्या एका पानामुळे दुसरा कुणीही तीच मोजणी पुन्हा करून पाहू शकेल.

या मागणीवर काही आक्षेप येतील आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप अनुभवी प्राध्यापकांचा असेल : विद्यार्थ्याने स्वतः धडपडावे, अडचणीतूनच शिक्षण होते, सगळे तयार ताटात वाढले तर संशोधक कसा घडणार? धडपडीचे मोल मला मान्य आहे. पण कोणती धडपड विषय शिकवते, हे पाहिले पाहिजे. थ्रेशोल्ड कुठे ठेवावा, एकमेकांना चिकटलेले कण वेगळे कसे करावेत, यावर डोके खाजवणारा विद्यार्थी प्रतिमाविज्ञान शिकतो. जावाच्या दोन आवृत्त्यांच्या भांडणात तीन दिवस घालवणारा विद्यार्थी त्यातून वनस्पतिशास्त्र शिकत नाही, रसायनशास्त्रही शिकत नाही. शिवाय ही धडपड सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. ज्याच्या घरी चांगला लॅपटॉप आणि संगणक अभियंता असलेला भाऊ आहे तो सुटतो. अक्कलकुव्याहून येणारी, घरातली पहिली पदवीधर मुलगी विभागातल्या एका संगणकावर पाळीची वाट पाहते. अडचणींना चाळणी म्हणून वापरले तर त्या चाळणीतून बुद्धी पारखली जात नाही, घरची परिस्थिती पारखली जाते.

दुसरा आक्षेप असा की आता सगळे नेटवर मिळते, व्हिडिओ आहेत, कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस आहेत, त्यांना विचारले की उत्तर येते. बोलक्या बिघाडांसाठी ही मदत खरोखर उपयोगी आहे आणि विद्यार्थ्यांनी ती जरूर घ्यावी. पण विचारण्यासाठी आधी प्रश्न पडावा लागतो. मुका बिघाड प्रश्नच पडू देत नाही. ज्याच्या पडद्यावर २० नॅनोमीटर असा नीट आकडा आला आहे, तो कुणाला काय विचारणार? तिथे आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहणे हाच उपाय आहे आणि ती शिस्त संस्थाच लावू शकते. दुसरे असे की नेटवरचे उत्तर बहुधा कुठल्या तरी दुसऱ्याच आवृत्तीसाठी असते. फिजी वर्षानुवर्षे जावा ८ सोबत येत होते, अलीकडच्या आवृत्त्या जावा २१ वर गेल्या. जुन्या दिवसांतला अगदी बरोबर असलेला सल्ला आजच्या संगणकावर नवा बिघाड करू शकतो.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञांचा : आता ब्राउझरमध्ये चालणारी साधने आली आहेत, इमेजजेचाही ब्राउझरमधला अवतार आहे, मग इन्स्टॉल करण्याची कटकटच कशाला? ही वाट चांगली आहे आणि छोट्या कामांसाठी आपल्या मार्गदर्शिकेत तिला जागा हवी. पण शेकडो मोठ्या फाइली हाताळायच्या असतील किंवा एखादे खास प्लगइन हवे असेल तर ब्राउझर अपुरा पडतो. क्लाउडवर चालणाऱ्या सेवांसाठी गीगाबाइटच्या फाइली वर चढवाव्या लागतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या महाविद्यालयात ते सोपे नाही. रुग्णांच्या रक्ताच्या किंवा ऊतींच्या प्रतिमा बाहेरच्या सर्व्हरवर पाठवणे तर परवानगीशिवाय योग्यही नाही. आणि मुख्य गोष्ट, प्रमाण आणि थ्रेशोल्ड चुकण्याचा धोका ब्राउझरमध्येही तेवढाच राहतो. इन्स्टॉलेशन टळते, तपासणी टळत नाही.

चौथा आक्षेप पैशाचा आणि पदाचा. एका सॉफ्टवेअरसाठी पूर्णवेळ माणूस ही चैन आहे, महाविद्यालयांत संगणकाचे कर्मचारी आहेतच, असे कुणी म्हणेल. संगणक विभागातल्या माणसाला नेटवर्क कळते, प्रिंटर कळतो. चित्रातला उजळ ठिपका पेशी आहे की धूळ, हे त्याला कळण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. युरोपात हीच उणीव जाणवून २०१६ ते २०२० या काळात प्रतिमा-विश्लेषकांचे ‘न्यूबियास’ हे जाळे उभे राहिले, कारण जीवशास्त्र आणि संगणक यांच्या मधोमध उभा राहणारा हा स्वतंत्र व्यवसाय आहे, हे तिथल्या संस्थांच्या लक्षात आले होते. खर्चाचे म्हणाल तर सॉफ्टवेअरला पैसा लागत नाही आणि संच बांधायला एक खोली आणि दोन-तीन जुने-नवे संगणक पुरतात. सूक्ष्मदर्शकासाठी आपण लाखो रुपये मोजतो. त्यातून निघणाऱ्या प्रतिमेचा आकडा विश्वासाचा राहावा म्हणून एक पगार देणे ही त्या खरेदीची राखण आहे. नवे पद लगेच मंजूर होत नसेल तर पहिली दोन वर्षे विद्यापीठाच्या प्रशाळेतल्या एखाद्या संशोधन सहायकाला अर्धवेळ हे काम देऊन सुरुवात करता येईल.

पाचवा आक्षेप मराठीबद्दल येईल : विज्ञानाची भाषा इंग्रजी, मेनू इंग्रजी, मग मार्गदर्शिका मराठीत कशाला? मेनू इंग्रजीच राहील आणि राहावा. पण ‘ग्लोबल’ची खूण काढून टाकली नाही तर काय घडते, हे कारण मुलांना आपल्या भाषेत समजले पाहिजे. कारण समजले की खूण लक्षात राहते, नाहीतर पायऱ्या फक्त पाठ होतात. हा काही नवा प्रयोग नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, पायथन, लिबरऑफिस यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले आणि तेही मोफत. पडद्यावर मेनू इंग्रजी आणि कानावर समजावणी मराठी, ही पद्धत तिथे रुळलेली आहे. प्रतिमा-विश्लेषणाचे पाठ त्याच धर्तीवर जळगावात तयार झाले तर ते नाशिक, नांदेड, गडचिरोलीच्या मुलांनाही उपयोगी पडतील.

शेवटचा आक्षेप खरा अवघड आहे. आवृत्त्या ठरवून बांधून टाकल्या तर आपण मागे पडू, सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळणार नाहीत. यावर उपाय म्हणून संच दर वर्षी नवा करावा आणि जुने संच त्यांच्या तारखेसह जपून ठेवावेत. ज्याची मोजणी एका संचावर सुरू झाली, त्याने ती त्याच संचावर संपवावी. मधेच नवा संच घ्यायचा झाला तर जुनी दहा-वीस चित्रे नव्यावर पुन्हा चालवून फरक किती पडतो तो प्रबंधात लिहावा. असे केले तर बदल थांबत नाही, तो डोळ्यांसमोर राहतो. प्रगतीला विरोध न करता आकड्यांची सलगता राखण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

महोदय, यातली कोणतीही गोष्ट आवाक्याबाहेरची नाही. चौथी मागणी तर बिनखर्चाची आहे. विद्या परिषदेने ठराव करून येत्या शैक्षणिक वर्षापासून ती लागू केली तर उरलेल्या तिन्हींची गरज मार्गदर्शक आणि विद्यार्थी स्वतःच मांडू लागतील. आवृत्ती लिहायची म्हटले की ती कोणती हे आधी पाहावे लागते, आणि ती पाहायला गेलेला माणूस कालांतराने सेटिंगही पाहतो. खान्देशातली मुले केळी, कापूस, मृदा, रक्त, नवे पदार्थ अशा आपल्या आयुष्याशी जोडलेल्या विषयांवर काम करत आहेत. त्यांच्या आकड्यांवर उद्या फवारणीचे वेळापत्रक ठरेल, एखादे वाण निवडले जाईल, एखाद्या तपासणीची पद्धत बदलेल. तो आकडा चुकला तर त्याची किंमत प्रबंध लिहिणाऱ्याला मोजावी लागत नाही, ती शेतकऱ्याला आणि रुग्णाला मोजावी लागते. म्हणून हा विषय विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांची एक छोटी समिती नेमावी आणि पहिला तपासलेला संच कोणत्या तारखेपर्यंत महाविद्यालयांच्या हाती पडेल, ते जाहीर करावे, ही आग्रहाची विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
विज्ञानशिक्षणाची आस्था असलेला खान्देशातील एक नागरिक